सात फण्यांखालची रेघ

संग्रहालयात तिला सगळे साचेबाई म्हणत. हजेरीपटावर तिचं खरं नाव होतं, पण त्या नावानं कुणी जिन्यात हाक मारली असती तर तिनंच मागे वळून दुसरं कोण आहे ते बघितलं असतं. तीस वर्षं तळघरातल्या कारखान्यात ती मूर्तींचे साचे काढत होती. तिच्याआधी हेच काम तिचे वडील करत. बाकीचे लोक मूर्तीचा चेहरा बघून पुढे जातात. साचेबाईला मूर्तीची पाठ, काखेतली खाच, कानाच्या पाळीमागची जागा असं सगळं हातानं ठाऊक असायचं. ब्रश फिरवताना तिचे डोळे पुष्कळदा मिटलेले असत. "हाताचं काम चाललं की डोळे मध्येच तोंड घालतात," ती म्हणायची.

त्या वर्षी संग्रहालयानं एक नवं दालन काढायचं ठरवलं. ज्यांना दिसत नाही अशा पाहुण्यांनी मूर्ती हातानं बघायच्या, असं दालन. मूळ दगडाला कुणी हात लावायचा नाही हा नियम, म्हणून बारा मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती हव्या होत्या. अकरा झाल्या. बारावी मूर्ती वरच्या मजल्यावर भिंतीला पाठ लावून बसलेली होती. काळा दगड, मांडी घातलेली, तळहातावर तळहात ठेवलेले, नाक गेलेलं, छाती झिजून गुळगुळीत झालेली, आणि डोक्यामागे सात फण्यांचा नाग. पाटीवर लिहिलं होतं, 'मुचलिंद नागाच्या छत्राखाली बुद्ध'.

नागाच्या छत्राखाली डोळे मिटून बसलेली मूर्ती म्हटली की दोन नावं समोर येतात. एक बुद्धांचं. बोधी मिळाल्यावर ते झाडाखाली बसले असताना अवकाळी वादळ उठलं, तेव्हा मुचलिंद नावाचा नागराजा बिळातून वर आला. सात दिवस तो त्यांच्याभोवती सात वेटोळी घालून, डोक्यावर फणा धरून राहिला. दुसरं नाव जैनांचे तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांचं. ते तपाला उभे असताना जन्मोजन्मीच्या वैऱ्यानं त्यांच्यावर पाऊस सोडला. पाणी नाकाशी आलं तेव्हा धरणेंद्र नागराजानं आपले फणे त्यांच्यावर धरले. मूर्ती धड असली तर कोण कोणते हे लांबूनही कळतं. झिजलेली असली की जाणकारांचीही पंचाईत होते.

या मूर्तीच्या बाबतीत ही पंचाईत पंचेचाळीस वर्षांपूर्वी सरांनी सोडवली होती. सर म्हणजे या विषयातले सगळ्यात मोठे प्राध्यापक. आता त्र्याऐंशीचे होते. मूर्तीच्या डाव्या खांद्यावरून उजव्या काखेकडे एक फिकट रेघ जात होती. सरांनी सूचीत लिहिलं, हा चीवराचा काठ; अंगावर भिक्षूचं वस्त्र आहे म्हणजे हे बुद्ध. सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि इथे तर रेघ खरोखरच काळ्या दगडावर होती. कुणी वाद घातला नाही. नव्या दालनासाठी ऐकायची जी ध्वनिफीत तयार झाली तिच्यातही ते वाक्य जसंच्या तसं उतरलं होतं: 'डावीकडच्या खांद्यावरून बोट खाली आणा. चीवराचा काठ तुमच्या बोटाला लागेल.'

साचेबाईनं मूर्तीवर रबराचे पातळ थर चढवले, वर प्लॅस्टरचं कवच बसवलं, वाळल्यावर साचा उतरवून तळघरात नेला आणि प्लॅस्टर ओतलं. दुसऱ्या दिवशी साचा सोलला. सातही फणे स्वच्छ उतरले होते, एक बुडबुडा नाही. फक्त ती रेघ नव्हती.

तिला स्वतःचाच राग आला. तीस वर्षांत काठासारखा काठ साच्यातून निसटण्याची वेळ तिच्यावर आली नव्हती. थर जाड बसला असेल, घाई झाली असेल, असं म्हणत तिनं मुकाट्यानं सगळं पुन्हा केलं. पहिला थर इतका पातळ लावला की खालचा दगड दिसत होता. दुसरी प्रतिकृती निघाली. दगडावर कधीतरी कुणाच्या अवजारानं उठलेला केसाएवढा ओरखडाही तिच्यात उतरला होता. रेघ नव्हती.

तेव्हा ती वर गेली, मूर्तीसमोर उभी राहिली, डोळे मिटले आणि डाव्या खांद्यावरून नख खाली आणलं. नख कुठेच अडलं नाही. डोळे उघडले तर रेघ समोर होती. मिटले की नाही.

"हा तर दगडाचा रंग आहे," ती स्वतःशीच म्हणाली. काळ्या दगडातून गेलेली फिकट शीर. खोदलेलं काही नव्हतंच.

तळघरात येऊन तिनं दुसऱ्या प्रतिकृतीला बाजूनं दिवा लावला. पांढऱ्या प्लॅस्टरवर तिरका उजेड पडला की दगडात हरवलेले उंचवटे सावलीनं बोलायला लागतात. छातीच्या मधोमध, जिथे नुसती झीज आहे असं सगळे समजत होते, तिथे चौकटच्या पानासारखा एक छोटा उंचवटा दिसला. तिनं त्यावर अंगठा ठेवला. श्रीवत्स. तीर्थंकरांच्या छातीवर असतो तो.

तिनं हात धुतले आणि थेट संचालकांच्या खोलीत गेली. संचालक वयानं तिच्याहून वीस वर्षांनी लहान, कामाला वाघीण, पण त्या आठवड्यात मेटाकुटीला आलेल्या. दालन उघडायला अठरा दिवस उरले होते आणि जाहिरातीच्या फलकांवर नेमकी हीच मूर्ती छापली होती.

"बाई, बारावी झाली ना?" त्यांनी विचारलं.

"झाली. पण मॅडम, पाटी चुकलीय." आणि साचेबाईनं रेघेचं, नखाचं, श्रीवत्साचं सगळं सांगितलं.

संचालकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "श्रीवत्स म्हणता, तो झिजेचा फुगवटाही असू शकतो. आणि सरांची रेघ प्रत्येक पुस्तकात आहे. ध्वनिफीत तयार आहे. बाई, एक करा. प्रतिकृतीवर ती रेघ हलकेच कोरून टाका. दगडावर दिसते तर आहेच. पाटीचं आपण पुढच्या वर्षी सावकाश बघू."

"कोरणार नाही."

"बाई..."

"मॅडम, दिसणाऱ्या माणसाला पाटी खोटी वाटली तर तो मूर्तीकडे बघून ठरवू शकतो. जो बोटानंच बघणार आहे त्याच्या बोटाखाली मी खोटं कसं ठेवू? दगडात नाही ती रेघ माझ्या प्लॅस्टरमध्ये येणार नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "मूर्ती भिंतीपासून काढू द्या. पाठ बघते, बैठक बघते. माझं चुकलं असेल तर बारावी प्रतिकृती मांडू नका, माझंच नाव खराब होईल."

सरांशी बोलते, एवढंच संचालक म्हणाल्या.

घरी साचेबाईचा नवरा शिलाई मशीनवर बसला होता. तो शिंपी, गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं आणि उरलेलं काम तो घरी आणायचा. तिनं मूर्तीचा फोटो त्याच्या समोर धरला आणि दोन्ही कथा सांगितल्या. पार्श्वनाथांची तर मुळापासून सांगितली. ते राजपुत्र असताना एक तापस लाकडं पेटवून तप करत बसला होता. राजपुत्रानं जळता ओंडका चिरायला लावला, तर आत होरपळलेला नाग. राजपुत्रानं त्याच्या कानावर शेवटचे पवित्र शब्द घातले, आणि पुढच्या जन्मी तोच धरणेंद्र होऊन त्यांच्यावर छत्र धरायला आला.

"इकडेही पाऊस, तिकडेही पाऊस," नवरा म्हणाला. "इकडेही नाग, तिकडेही नाग. मग घोळ नाही होणार तर काय?"

"घोळ कथेत नाहीये हो. तो बुद्धांचा नाग त्यांना कधी भेटलाही नव्हता, तरी आला. हा ओळखीचा नाग, उपकार स्मरून आला. नीट ऐकलं तर दोघांचा स्वभावच वेगळा."

नवऱ्यानं सुई दातात धरून फोटो उजेडाकडे नेला. बराच वेळ बघितला. "अगं, हा काठ आहे म्हणतात?"

"हो."

"मग कापड गेलं कुठे? खांद्यावरून आलेलं कापड मांडीवर पडणार. मांडी घातली की घोट्यापाशी चुण्या येणार. इथे पाय उघडे, चुणी एक नाही. काठ आहे आणि कापड नाही, असा कपडा मी तरी आजवर शिवला नाही."

साचेबाई हसली. "सरांना सांगू का तुमचं नाव?"

"नको बाई. उद्या धोतर शिवायला घेऊन येतील."

दुसऱ्या दिवशी संचालकांनी सरांना फोन लावला. सर फोनवर तडकले. पंचेचाळीस वर्षांत कुणाला शंका आली नाही आणि आता प्लॅस्टर ओतणारी बाई शंका घेते, असं काहीसं बोलले. मग स्वतःच म्हणाले, "हलवा मूर्ती. हलवून झाली की मला बोलवा."

मूर्ती हलवणं सोपं नव्हतं. ती ओट्यात पक्की बसवलेली होती, मांडीच्या खालचा सगळा भाग सिमेंटमध्ये गाडलेला. साचेबाईनं बारीक छिन्नी आणि लाकडी हातोडी घेतली आणि ओट्यासमोर मांडी घालून बसली. पहिला टवका निघाला तशी ती थांबली. सिमेंटवरून थापी फिरवल्याच्या खुणा तिच्या ओळखीच्या होत्या. शेवटचा हात डावीकडे वळवून सोडायचा, तसा फक्त तिचे वडीलच सोडत.

ती दहा वर्षांची असताना मजल्यावरचं हे जुनं दालन लागलं होतं. सगळ्या मूर्तींच्या मांड्या एका उंचीवर दिसल्या पाहिजेत असा वरचा हुकूम होता, म्हणून फुटक्या-तुटक्या बैठका ओट्यात पुरल्या गेल्या. वडील संध्याकाळी घरी येऊन म्हणाले होते, "बसवली. आता शंभर वर्षं हलायची नाही." आणि आज त्यांचंच काम ती फोडत होती. तिला क्षणभर अवघड वाटलं. मग तिनं हातोडी उचलली. वडील असते तर तेही म्हणाले असते की काम अर्धं टाकून उठू नकोस.

चार दिवस ती टवका टवका काढत होती. पाचव्या दिवशी सिमेंटचा मोठा तुकडा अलगद सुटून तिच्या हातात आला, आणि मागून एक पिवळा पडलेला मेणकागद लोंबला. वडिलांनी दगड आणि सिमेंट यांच्यामध्ये कागद घातला होता. बैठकीच्या प्रत्येक वळणावर, घड्या घालून, नीट चेपून. दगडाला सिमेंटचा कणही चिकटला नव्हता. असं करायला त्यांना कुणी सांगितलं नसणार. खाली कोरीव काम आहे हे बघितल्याशिवाय कुणी इतकी निगुती करत नाही.

तिनं कागद सोडवला. बैठकीवर दोन बाजूंना दोन सिंह होते, एकाचा जबडा फुटलेला. दोघांच्या मध्ये अंगठ्याएवढा छोटा नाग, फणा काढून बसलेला. प्रत्येक तीर्थंकराच्या आसनावर त्यांची ओळख सांगणारं एक चिन्ह असतं. नाग हे पार्श्वनाथांचं.

साचेबाईनं छिन्नी बाजूला ठेवली. ओट्याला टेकून ती बसली. वडिलांनी हे बघितलं होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, हातात कागद घेऊन, याच जागी बसून त्यांनी हा छोटा नाग बघितला होता आणि वरून थापी फिरवली होती. तिचे डोळे भरून आले, आणि ते तिनं पुसलेही नाहीत, कारण हात सिमेंटनं माखलेले होते.

कप्पी लावून मूर्ती भिंतीपासून पुढे घेतली तेव्हा उरलंसुरलंही उघड झालं. धरणेंद्राचं अंग पाठीमागून नागमोडी वर चढत गेलं होतं; त्याची वेटोळी, मुचलिंदाची असतात तशी, मूर्तीभोवती नव्हती की बैठकीखालीही नव्हती. आणि ती फिकट शीर काखेतून मागे येऊन पाठीवरून नागाच्या अंगावर चढली होती, तिथून थेट तिसऱ्या फण्यापर्यंत. संचालक वाकून बघत होत्या. "नागानं काही चीवर घातलेलं नसतं," त्या सावकाश म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "बाई, मी तुम्हाला ती रेघ कोरायला सांगितली होती. सांगायला नको होती."

"तुम्ही घाईत होता," साचेबाई म्हणाली. तिनं बैठकीचा आणि पाठीचा साचा घेतला, प्रतिकृती पुरी केली, आणि सरांना निरोप गेला.

सर आले ते सुनेचा हात धरून. ते गेली सहा वर्षं जवळजवळ काही बघू शकत नव्हते. उजेड आणि सावली एवढंच कळायचं. हे संग्रहालयात सगळ्यांना माहीत होतं, पण फोनवर ते इतके तडकून बोलायचे की लोकांना विसर पडायचा.

"कुठे आहे तुमचं प्लॅस्टर?" त्यांनी विचारलं.

साचेबाईनं त्यांचा हात धरून प्रतिकृतीच्या डाव्या खांद्यावर ठेवला. "सर, तुमची रेघ शोधा."

सरांची बोटं लांब आणि कोरडी होती. ती खांद्यावरून उतरली, छातीवरून गेली, काखेत शिरली. परत वर आली. पुन्हा उतरली.

"मूळ दगडही असाच लागतो?"

"असाच. वर जाऊन हात लावा. मॅडमनी परवानगी दिलीय."

"नंतर." त्यांचं बोट छातीच्या मध्यावर थांबलं होतं. त्यांनी ते त्या उंचवट्याभोवती दोनदा गोल फिरवलं. "श्रीवत्स," ते म्हणाले. मग बैठकीकडे गेले. "सिंह. सिंह बुद्धाच्या आसनाखालीही असतात, बाई."

"असतात. म्हणून मी सिंहांवर थांबले नाही. बोट मध्ये आणा."

त्यांनी आणलं. छोट्या नागाचा फणा त्यांच्या तर्जनीच्या टोकाखाली नेमका बसला. सर वाकलेले होते ते तसेच राहिले. सुनेनं पुढे होऊन खुर्ची दिली, तेव्हा ते बसले.

"ही बैठक कुठे होती इतकी वर्षं?"

"ओट्यात. सिमेंटखाली."

"मूर्ती बसवली कुणी होती?"

"माझ्या वडिलांनी."

सरांनी मान तिच्या आवाजाकडे वळवली. "उंच होते? कानावर पेन्सिल ठेवायचे?"

"तेच."

"मला आठवतात," सर म्हणाले. "मी वहीत टिपणं घेत होतो तेव्हा ते दोनदा जवळ येऊन उभे राहिले. साहेब, खाली एकदा बघता का, असं म्हणाले. मला सूची छापायला द्यायची होती. मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा." त्यांनी बोट पुन्हा छोट्या नागावर नेलं. "त्यांनी केलं. मी माझं केलं नाही."

साचेबाईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला, कप त्यांच्या हाताला लागेल असा. वडिलांचं कुणी ऐकलं नाही याचं तिला गेले काही दिवस वाईट वाटत होतं. हे वाक्य ऐकल्यावर ते पूर्ण गेलं नाही, पण पुष्कळ कमी झालं.

चहा संपल्यावर सर वेगळेच झाले. आवाजात जुना जोर आला. संचालकांना म्हणाले, "ती ध्वनिफीत काढून टाका. नवी मी माझ्या आवाजात बोलतो. आणि त्यात सांगतो की मी डोळ्यांवर विसंबून चुकलो होतो. ऐकणाऱ्यांना ते आवडेल." पाटीच्या मसुद्यात संचालकांनी 'संग्रहालयाच्या तज्ज्ञांना आढळले' असं लिहिलं होतं, ते वाचून दाखवल्यावर सर म्हणाले, "कोण तज्ज्ञ? साचा कुणी घेतला ते लिहा."

"मूर्ती बसवणाऱ्याचंही लिहा," साचेबाई म्हणाली. "त्यांनी कागद लावला नसता तर सिमेंटबरोबर ते सिंह आणि नाग दोन्ही निघून आले असते."

दोन्ही लिहिलं गेलं. फलक नव्यानं छापले, दालन पाच दिवस उशिरा उघडलं, आणि त्या उशिराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पहिल्या सकाळी साचेबाई प्रतिकृतीशेजारी उभी होती. एका बाईनं सातही फण्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, "एवढा मोठा नाग डोक्यावर, आणि यांचे खांदे इतके सैल कसे?" तिला ओंडक्याची गोष्ट सांगताना साचेबाईच्या भोवती दहा-बारा माणसं जमली. शेजारीच दुसऱ्या दालनातल्या एका खऱ्याखुऱ्या मुचलिंद-बुद्धाची छोटी प्रतिकृती ठेवली होती. त्यामुळे तिला दोन्ही नाग लोकांच्या हातात देता आले: हा मागे उभा राहून छत्र धरणारा, हा वेटोळी घालून स्वतःच आसन झालेला. बोटांना फरक लगेच कळत होता.

सर पुढच्या आठवड्यात परत आले. हातात सुनेनं लिहून दिलेला कागद होता.

"चार मूर्ती आहेत," ते म्हणाले. "चारही मी नुसत्या बघून ठरवल्यात. माझं वय बघता आता लांबवण्यात अर्थ नाही. तुम्हाला वेळ कधी आहे?"

"मंगळवारपासून," साचेबाई म्हणाली.

चार मूर्तींना सात महिने लागले. सर दर मंगळवारी येत आणि साचा सोलायच्या वेळी खुर्ची पुढे ओढून बसत. तीन मूर्तींच्या बाबतीत त्यांनी पूर्वी लिहिलं होतं ते अगदी बरोबर निघालं आणि साचेबाईनं ते त्यांना तितक्याच सरळपणे सांगितलं. चौथी एका नागिणीची मूर्ती होती. तिला सर पद्मावती, म्हणजे धरणेंद्राची राणी, म्हणत होते. साचेबाईला ते पटलं नव्हतं. त्यावर दोघं अजून भांडत होते.